आजीच्या डब्यातली चिल्लर: जुन्या नाण्याला किंमत कशामुळे येते?

(दादरमध्ये झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आज येताना बऱ्याच जणांच्या हातात डबे, पिशव्या, रुमालाच्या पुरचुंड्या दिसतायत. त्यात काय आहे हे न उघडता सांगतो. भोकाचा पैसा आहे, राणीचा किंवा राजाचा एखादा रुपया आहे, चौकोनी पाच पैसे आहेत, आणि तळाशी हलके पांढरे अॅल्युमिनियमचे पैसे. बरोबर ना? (हशा)

गिरगाव, लालबाग, परळ या भागात सध्या चाळी रिकाम्या होतायत. पुनर्विकासाला घर दिलं की खाटेखालची ट्रंक बाहेर येते. माळ्यावरचा डबा खाली येतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारात देऊन टाका. दुसरा म्हणतो, अरे थांब, मी व्हिडिओ बघितलाय, याचे लाखो रुपये मिळतात. आजचं व्याख्यान दोन्ही पक्षांसाठी आहे, कारण दोघेही नुकसान करून घेतात.

जुन्या नाण्याची किंमत तीन प्रश्नांवर ठरते. धातू कोणता? अवस्था कशी? आणि अशी नाणी उरलीत किती, मागणारे किती? वय हा चौथा प्रश्न सुद्धा नाही, हे पुढे कळेलच.

आधी हिशोबाची उजळणी. तरुण मंडळींसाठी. एका रुपयाचे सोळा आणे. एका आण्याचे चार पैसे. एका पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. दोन आणे म्हणजे चवली, चार आणे म्हणजे पावली, आठ आणे म्हणजे अधेली. दोन पैशांचं जाड तांब्याचं नाणं म्हणजे ढब्बू. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्यांना 'नये पैसे' म्हटलं, आणि १९६४ मध्ये 'नये' हा शब्द नाण्यावरून गेला. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैसे मात्र कायद्याने आजही चालतात, वाण्याने घेतले नाहीत तरी.

पहिला प्रश्न: धातू

धातू हा किमतीचा तळ आहे. नाणं कितीही झिजलेलं असो, धातूची किंमत त्याच्याखाली उभी असते. म्हणून आधी ती काढायची.

हिशोबाला सोपं जावं म्हणून चांदी ग्रॅमला १०० रुपये धरू. घरी गेलात की त्या दिवसाचा खरा भाव घाला. जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बाराला अकरा भाग चांदी. पावली त्याच्या चौथा हिस्सा, २.९२ ग्रॅम. त्यात शुद्ध चांदी साधारण २.६७ ग्रॅम. म्हणजे आपल्या भावाने २६७ रुपये. चवली १.४६ ग्रॅमची, तिच्यात १३४ रुपयांची चांदी. इथपर्यंत सोपं आहे.

पण सरकारने धातू बदलले, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. १९१८ पासून चवली चांदीची राहिली नाही. ती तांबं-निकेलच्या मिश्रणाची, गोलसर कोपऱ्यांची चौकोनी झाली. १९१७ ची चवली चांदीची आणि १९१८ ची नाही. एका वर्षाचा फरक! आठ आण्याचं नाणंसुद्धा १९१९ मध्ये तांबं-निकेलचं काढलं होतं. त्याच्या नकला इतक्या निघाल्या की ते मागे घ्यावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. १९४० मध्ये पावली, अधेली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४३ ची पावली बघा. दिसायला तीच, वजन तेच, पण चांदी १.४६ ग्रॅम. म्हणजे आपल्या भावाने २६७ ऐवजी १४६ रुपये. आणि १९४६ पासून पावली निव्वळ निकेलची. तिच्यात चांदी शून्य.

मग घरी ओळखायचं कसं? पहिलं म्हणजे साल वाचा. दुसरं, फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक घ्या. निकेल चुंबकाला चिकटतं, चांदी चिकटत नाही. १९४६ किंवा १९४७ ची पावली चुंबकाला टपकन लागेल. पण उलटं धरू नका. चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असं होत नाही. तांबं-निकेल मिश्रणही चिकटत नाही.

युद्धात निकेलसुद्धा कमी पडलं. म्हणून १९४२ ते १९४५ या काळातले अर्धा आणा, आणा आणि दोन आणे पिवळे आहेत, पितळेच्या जातीचे. ते बघून 'सोन्याचं पाणी दिलंय' म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. त्यात सोनं नाही, युद्धाची काटकसर आहे. भोकाचा पैसा पण त्याच काटकसरीचा, १९४३ ते १९४७. मधला धातू काढून घेतला म्हणून नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं राहिलं. आपल्याकडे तो लहान मुलांच्या करगोट्यात ओवायचे.

आता तांबं. १८६२ चा राणीच्या काळातला पैसा, म्हणजे पाव आणा, साडेसहा ग्रॅमच्या आसपास. तांबं किलोला ८०० रुपये धरलं तर त्यात पाच रुपयांचं तांबं. १९०६ मध्ये तांब्याऐवजी ब्राँझ आलं आणि पैसा पावणेपाच-पाच ग्रॅमचा झाला. अॅल्युमिनियमचा एक पैसा तर पाऊण ग्रॅमचा. किलोला २०० रुपये धरले तर त्यात १५ पैशांचा धातू. मजा बघा, दर्शनी किमतीच्या पंधरा पट! पण पंधरा पट म्हणजे पंधरा पैसेच. हजार नाणी गोळा करा तेव्हा दीडशे रुपये होणार.

थोडक्यात, चांदी सोडली तर बारक्या नाण्यांत धातूची किंमत नगण्य. मग संग्राहक पैसे कशाचे देतो? अवस्थेचे.

दुसरा प्रश्न: अवस्था

१९४९ मध्ये विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने एक मोजपट्टी सुचवली. १ ते ७०. त्याच्या अभ्यासाचा विषय काय होता, तर अमेरिकेचे जुने तांब्याचे सेंट. म्हणजे आपल्या पैशासारखीच चिल्लर! सगळ्यात झिजलेलं, जेमतेम ओळखू येणारं नाणं १, आणि निर्दोष ते ७०. आज जगभर हीच पट्टी वापरतात. आपले व्यापारी बोलताना आकडा कमी आणि शब्द जास्त वापरतात: फेअर, गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, आणि सगळ्यात वर अनसर्क्युलेटेड, म्हणजे टांकसाळीतून निघालं पण हातोहात फिरलंच नाही.

या शब्दांना फसू नका. 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे. 'गुड' म्हणजे बाह्यरेषा दिसतात, बाकी सपाट. (हशा) 'फाइन' म्हणजे सगळी अक्षरं वाचता येतात, पण बारीक नक्षी गेलेली. 'व्हेरी फाइन' मध्ये नक्षी बरीचशी शाबूत. 'एक्स्ट्रा फाइन' मध्ये फक्त सर्वांत उंच ठिकाणी किंचित झीज.

ते उंच ठिकाण शोधणं हीच सगळी विद्या. नाणं टेबलावर घासतं, दुसऱ्या नाण्यावर घासतं, ट्रामच्या कंडक्टरच्या चामडी पिशवीत घासतं, तेव्हा आधी काय झिजतं? जे वर आलेलं आहे ते. पंचम जॉर्जच्या नाण्यावर कान, भुवई आणि मुकुटाचे दागिने बघा. मुकुटातले मणी सुटे दिसतात का, की त्यांची एक पट्टी झालीय? राणीच्या नाण्यावर केस आणि कपड्याची नक्षी बघा. नये पैसे असतील तर सिंहांची छाती आणि आयाळ. भिंग दहा पट पुरतं. उजेड बाजूने पडू द्या, समोरून नको.

आता आपल्या मातीतलं नाणं घ्या, शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ही नाणी हाताने, हातोड्याने पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून पूर्ण मजकूर बहुधा उमटतच नाही. तिथे झिजेइतकंच दुसरंही बघायचं: किती अक्षरं तुकड्यावर आली आहेत? छाप मध्यावर पडलाय की घसरलाय? 'श्री राजा शिव' पूर्ण, कडेच्या ठिपक्यांसकट आलेली शिवराई आणि नुसतं 'रा' दिसणारी शिवराई यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि एक लक्षात ठेवा. शिवराई महाराजांच्या नंतरही पेशवाईभर अनेक टांकसाळींत पाडली जात होती. हातात आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. तशी असणं दुर्मीळ आहे.

अवस्थेमुळे भाव इतका का बदलतो? साधं कारण आहे. अॅल्युमिनियमचा एक पैसा लाखो लोकांनी वापरला. मऊ धातू. वाकला, घासला, काळवंडला. झिजलेले आज घरोघरी आहेत, त्यांना गिऱ्हाईक नाही. पण टांकसाळीची चमक जशीच्या तशी असलेला? तो कुणी जपून ठेवला? पैशाला कोण जपतं! म्हणून जे सर्वांकडे होतं, तेच चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण.

माझी चूक

इथे मी माझी गोष्ट सांगतो. आम्ही मुगभाटातल्या चाळीत राहायचो. आजीकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नाणी होती. लक्ष्मीपूजनाला ती ताम्हनात मांडायची. मी नववीत असताना ठरवलं, या वर्षी आपण लखलखीत करू. चिंच, मीठ, मग राखेने घासली. दोन तास. तांब्याचे पैसे सोन्यासारखे दिसायला लागले. आजी खूश, मी खूश.

बऱ्याच वर्षांनी ती नाणी फोर्टातल्या एका जाणकाराला दाखवली. त्यांनी एक पैसा उचलला, कडेने धरला, तिरका करून पाहिला आणि विचारलं, "घासलंत का हो?" झीज अगदी कमी होती, राजाच्या मुकुटातले मणी मोजता येत होते. पण सपाट भागावर राखेचे शेकडो बारीक ओरखडे. ते म्हणाले, "हे नाणं चाळीस वर्षं चांगलं राहिलं आणि दोन तासांत गेलं." चांगल्या तांब्याच्या नाण्यावर जी तपकिरी-चॉकलेटी साय धरते, ती घाण नसते. ती धातूची स्वतःची कातडी असते. काढली की परत येत नाही, आणि उघडं तांबं मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत महिन्याभरात डागाळतं.

तेव्हा हात जोडून सांगतो. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको, टूथपेस्ट नको. माती लागली असेल तर साध्या शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा, आणि मऊ कापडाने टिपा. पुसू नका, टिपा. नाणं नेहमी कडेने धरा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातल्या रसायनाने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. कोरड्या कागदी पाकिटात, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. आणि डाग दिला असेल, कडी लावली असेल, माळेत ओवलं असेल, तर ते नाणं संग्राहकासाठी संपलं. दागिना म्हणून आणि घरची आठवण म्हणून ते ठेवा.

तिसरा प्रश्न: किती उरली?

जुनं म्हणजे दुर्मीळ, हा सगळ्यात मोठा गैरसमज. कंपनी सरकारचा १८३५ सालचा पाव आणा जवळजवळ दोनशे वर्षांचा झाला. पण तो प्रचंड संख्येने पाडला गेला आणि आजही ढिगाने मिळतो. उलट १९३९ सालचा जॉर्ज सहावा यांचा रुपया त्याहून शंभर वर्षांनी तरुण, पण संग्राहक त्याच्या मागे धावतात, कारण तो फार थोडा उरला.

साल तरी खरं असतं का? नेहमी नाही. १८६२ साल लिहिलेला राणीचा रुपया पुढे १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला जात होता. मुंबईच्या टांकसाळीने वर्ष कळावं म्हणून बारीक ठिपके घातले. म्हणजे '१८६२' वाचून भाव ठरत नाही, ठिपके मोजून ठरतो.

टांकसाळीची खूणही बघा. आपली मुंबईची टांकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या समोर. तिची खूण सालाखाली ठिपका किंवा शंकरपाळ्यासारखा चौकोन. कलकत्त्याच्या नाण्यावर बहुधा काहीच खूण नसते. हैदराबादचा तारा, लाहोरचा इंग्रजी 'एल'. एकाच सालाचं, एकाच किमतीचं नाणं एका टांकसाळीचं सर्रास आणि दुसरीचं विरळ असू शकतं. म्हणून वर्गवारी करताना साल आणि खूण दोन्ही लिहा.

लाखांचं स्वप्न

आता जरा गंभीर बोलतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गिरणी कामगाराने फोनवर जाहिरात पाहिली. जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या. त्यांनी फोटो पाठवला. समोरचा म्हणाला, तुमच्या नाण्याचे पाच लाख मंजूर झाले, फक्त नोंदणीचे बाराशे भरा. मग कराचे सहा हजार. मग कमिशन. नाणं घरातच राहिलं, पैसे गेले. आणि जे नाणं होतं, ते बाजारात दहा-वीस रुपयांना मिळतं. त्यांना पैशांपेक्षा लाज जास्त वाटत होती. मुलाला सांगितलंच नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती. बँक असल्या व्यवहारात नाही, कुणालाही तिच्या नावाने शुल्क किंवा कमिशन घ्यायचा अधिकार दिलेला नाही. एक नियम पाठ करा: विकणाऱ्याने पैसे भरायचे नसतात. घेणारा देतो.

दुसरी फसवणूक देवांच्या नाण्यांची. राम दरबार किंवा हनुमान, खाली ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल. कंपनीने असली नाणी कधीच काढली नाहीत. देवघरात ठेवा, श्रद्धेने ठेवा. पण तांदूळ खेचणारं नाणं म्हणून कुणी कोटींच्या गोष्टी केल्या, तर सरळ पोलीस ठाणं गाठा.

कायद्याच्याही दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. घरी ठेवता येतं, पण परवानगीशिवाय देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाला भेट म्हणून कुरिअर करू नका. आणि जमिनीत पुरलेलं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मग करायचं काय?

घरी जा. नाणी धातूप्रमाणे वेगळी करा. वहीत प्रत्येकाचं साल, खूण, वजन लिहा. दागिन्यांचा छोटा काटा चालेल. चांदीचा तळ स्वतः काढा. चांगल्या अवस्थेतली बाजूला काढा. ती दोन-तीन वेगळ्या व्यापाऱ्यांना दाखवा, शक्यतो नाण्यांच्या प्रदर्शनात, जिथे एकाच छपराखाली दहा जण बसलेले असतात. व्यापारी यादीतला भाव देणार नाही. त्याला दुकान चालवायचं आहे, नाणं वर्षभर पडून राहू शकतं. बराच कमी देईल. ती लबाडी नव्हे, तो धंदा आहे. लबाडी कुठे, तर जो चांदीचं नाणं निकेलच्या भावाने मागतो तिथे. आणि ते ओळखायला तुम्ही आता शिकलात.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. त्याला खरंच लाखो मिळतात?*

नाही ताई. ते २०१२ चं आहे, आणि भरपूर निघालं. अगदी कोरं असेल तर हौशी माणूस थोडे जास्त देईल. बाकी पाच रुपयेच.

*नाणं परदेशी कंपनीकडून प्रमाणित करून, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून घ्यावं का?*

नाणं खरोखर महाग असेल तर जरूर. पण सर्वसाधारण पैशासाठी ते म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! (हशा)

*आम्ही चार भावंडं आहोत. वडिलांचा संग्रह वाटायचा कसा?*

हा खरा प्रश्न. आधी यादी करा, चौघांसमोर. चांदीचा भाग तोलून वाटता येतो. चांगली दोन-चार नाणी बाहेरच्या माणसाकडून भाव लावून घ्या. उरलेली चिल्लर, जिला बाजारात कुणी विचारत नाही, ती मुलांना द्या. पण देताना वहीत लिहून द्या की हे कुणाकडे होतं, कुठल्या खोलीत, कुठल्या डब्यात. माझ्या आजीचा तो घासलेला पैसा आजही माझ्याकडे आहे. त्याचे कुणी पाच रुपये देणार नाही. मी विकणारही नाही. पण तो घासलेला आहे हे मला ठाऊक आहे, आणि दुसऱ्या कुणाला तो चांगला म्हणून मी देणार नाही. एवढंच.

आता डबे उघडा, बघूया काय काय आणलंय.